गळकं पोटॅशियम

माणसाच्या अंगात पोटॅशियम असतं हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं, आणि तेही ते कमी झाल्यावर. तोवर पोटॅशियम म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत बाटलीत रॉकेलखाली बुडवून ठेवायची वस्तू, अशी माझी समजूत होती. आमच्या शिक्षकांनी ती बाटली कधी उघडली नाही, कारण हवा-पाणी लागलं की ते पेट घेतं, असं ते म्हणत. तेच जहाल पोटॅशियम पोटात घेऊन मी इतकी वर्षं चार मजले चढउतार करत होतो आणि वर पुन्हा जेवणानंतर डुलकी काढत होतो, हे कळल्यावर मला स्वतःबद्दल जरा आदरच वाटला.

प्रकरण सुरू झालं लिफ्टवरून. आमची इमारत चार मजल्यांची आणि आम्ही चौथ्यावर. बांधणाऱ्याने लिफ्टसाठी जागा ठेवली होती, फक्त लिफ्ट ठेवायची राहून गेली. त्या उभ्या पोकळीत तळाला सायकली, एक पाय गेलेलं टेबल आणि कुणाचं तरी गुंडाळलेलं पायपुसणं इतकी वर्षं सुखाने नांदत होती. दर वर्षी गच्चीवर सोसायटीची सभा भरायची, लिफ्टचा ठराव यायचा आणि तळमजल्यावरचे कवायत मास्तर तो पाडायचे. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण कवायत त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. रोज सकाळी ते गच्चीपर्यंत धावत जात आणि प्रत्येक मजल्यावर, झोपलेल्यांना ऐकू जाईल अशा बेताने, आकडे मोजत. लिफ्ट आली की माणसाची जात लोळागोळा होणार, हे त्यांचं भाषण. खालच्या दोन मजल्यांना ते पटायचं, कारण लोळागोळा होण्याचा खर्चही वाचायचा.

या वर्षी मात्र माझ्या मुलीने हुकूम काढला. "बाबा, या सभेत लिफ्ट झाली तर ठीक. नाही झाली तर आईला आणि तुम्हाला मी माझ्याकडे घेऊन जाणार. बास झालं ते चढणं."

मुलीचं घर छान आहे, तळमजल्यावर आहे, पुढे बाग आहे. पण तिथे जावई आहे. जावई माणूस सोन्यासारखा, पण बोलतो. सकाळी दात घासताना बोलायला लागतो ते रात्री दिवा मालवल्यावरही अंधारात त्याचं वाक्य पुरं व्हायचं असतं. आता माझं कसं आहे, मी बसस्थानकावर माईकवरून गाड्या पुकारण्यात उभी हयात घालवली. एकदा तर फलाटावरून सुटून नाक्यापर्यंत गेलेली गाडी माझा नुसता 'ओ' ऐकून उलटी परत आली होती. ड्रायव्हर सांगत होता की त्याने काही केलं नाही, गाडीनेच ऐकलं. असा माणूस उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या गोष्टींना 'हं' म्हणण्यात काढणार? चौथ्या मजल्यावर माझी गॅलरी आहे, गॅलरीत कापडी आरामखुर्ची आहे आणि खुर्चीसमोर अख्खी गल्ली श्रोता म्हणून बसलेली आहे. ती सोडायची नव्हती. म्हणजे लिफ्ट हवी होती. म्हणजे मास्तरांना सभेत हरवायला हवं होतं. म्हणजे भाषण.

मी तयारीला लागलो. रोज सकाळ-संध्याकाळ गॅलरीत उभा राहून, कठड्याला हात टेकवून, 'सदस्यहो' पासून सुरुवात. आवाज टिकावा म्हणून गालात ज्येष्ठमधाची कांडी. एक संपली की दुसरी. रात्री झोपताना त्याचाच काढा. ही म्हणायची, "अहो, भाषण आहे की लाकूडतोड?" पण आवाज असा काही सुटला की खालच्या गल्लीतला इस्त्रीवाला 'सदस्यहो' म्हटलं की आपोआप वर बघायला लागला.

मास्तरांच्या ते कानावर गेलंच. त्यांचा आवाज पोरांना 'सावधान' म्हणून म्हणून पार फाटला होता. एक दिवस फाटकाशी मला गाठून, इकडेतिकडे बघत, त्यांनी विचारलं, "घशासाठी काय घेता हो?"

शत्रू झाला तरी शेजारी. मी सांगितलं, "ज्येष्ठमध." एवढ्यावर थांबलो असतो तर ती बातमी झाली असती, म्हणून मी पुढे जोडलं, "बसस्थानकावर आम्हाला सरकारी नियमच होता. ज्याच्या गालात कांडी नाही त्याला माईकला हात लावू देत नसत."

मास्तरांनी मान डोलावली. कवायतीच्या माणसाला नियम म्हटलं की पटतं.

पंधराएक दिवस गेले असतील. भाजीची पिशवी घेऊन मी चढत होतो. दुसरा मजला झाला, तिसरा आला, आणि तिथे माझे पाय मला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, आम्ही बसतो. दुखत नव्हते, मुरगळले नव्हते. नुसते माझे नव्हते. मी तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या दारात बसलो. पिशवीतले टोमॅटो मात्र घाईत होते, ते एकेक करून खाली निघाले.

टोमॅटोंच्या मागावर लोक वर आले. सेक्रेटरींनी दार उघडून परिस्थिती पाहिली आणि म्हणाले, "बसा, बसा. फक्त पायपुसण्यावरून जरा सरका, आजच धुतलंय." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांनी आजवर कुठल्याही कॉलेजात न जाता वैद्यकाच्या सगळ्या शाखा पुऱ्या केल्या आहेत.

"सांध्यातलं तेल संपलंय," त्या म्हणाल्या. मग माझी पापणी खाली ओढून बघितली. "नाही, लोह. पालक द्या यांना."

तेवढ्यात मास्तर पायऱ्या गाळत गाळत वर आले. माझ्याभोवती एक फेरी मारून त्यांनी निकाल दिला, "सभा महिन्यावर आली आणि यांचे पाय गेले. योगायोग म्हणायचा." हे वाक्य त्यांनी ज्या खणखणीत आवाजात म्हटलं, तो ऐकून मला पायांपेक्षा जास्त धक्का बसला. ज्येष्ठमध त्यांनाही लागू पडलं होतं.

संध्याकाळी जावयाने आणि सेक्रेटरींनी मला दोन्ही बाजूंनी धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई वयाने माझ्या मुलीहून लहान, पण प्रश्न विचारताना चेहरा असा की माणूस खरं बोलायला लागतो. माझं ब्लडप्रेशर बघून त्यांनी ते पुन्हा बघितलं.

"काका, प्रेशर वाढलंय. आधी कधी होतं?"

"कधीच नाही."

"सध्या कुठलं औषध चालू आहे?"

"एकसुद्धा नाही," मी छाती काढून सांगितलं, आणि कांडी डाव्या गालातून उजव्या गालात नेली.

रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला. पलीकडच्या माणसाने आधी विचारलं, "आपण बसलेले आहात ना?" अशा प्रश्नानंतर माणूस बसलेला असेल तर उभा राहतो. पण माझ्याने उभं राहवेना, म्हणून मी बसूनच ऐकलं. पोटॅशियम साडेतीनच्या वर असायला हवं; माझं तीनाच्याही खाली गेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पोटॅशियम कमी झालं की स्नायूंना हुकूम पोचत नाही. म्हणून पाय गळाले. आणि काका, हृदय हाही स्नायूच आहे. तेव्हा हे हसण्यावारी न्यायचं नाही. एकदा पुन्हा तपासून खात्री करू, आजच्या आज."

हिचा चेहरा उतरला. मी तिचा हात धरला आणि गंभीर दिसलो. पण मनातल्या मनात मी भाषणाचा शेवट नव्याने लिहीत होतो. आता माझ्याकडे पुरावा होता. सभेत उभं राहून, नव्हे, बसून, मी म्हणणार होतो: सदस्यहो, हा जिना या इमारतीतल्या म्हाताऱ्यांचं पोटॅशियम पितो.

मुलीने बजावलं होतं की बाबांनी जिना उतरायचा नाही, म्हणून दुसऱ्यांदा रक्त घ्यायला माणूस घरी आला. तो येतोय हे मजल्यामजल्यावर समजलं होतं, कारण वहिनी त्याला वाट दाखवत बरोबरच आल्या. शीर सापडेना. वहिनी म्हणाल्या, "मूठ आवळा. सोडा. आवळा. जोरात." मी मनापासून मूठ आवळत होतो, भाषणातसुद्धा एवढी आवळली नसेल. तीनचार ठिकाणी टोचल्यावर मुंगीच्या पावलाने रक्त आलं. मग त्या बिचाऱ्याची सुटका झाली नाही. नळी शर्टाच्या खिशात ठेवून त्याला चहा प्यावा लागला, वहिनींच्या बहिणीची थायरॉइड ऐकावी लागली, आणि खाली उतरताना मास्तरांनी दारात अडवून आपली नाडी त्याला मोजून दाखवली.

रिपोर्ट आला. पोटॅशियम नॉर्मल. नुसतं नॉर्मल नव्हे, चांगलं वरच्या अंगाला.

आता हा रिपोर्ट आमच्या घरात कळण्याआधी मास्तरांना कसा कळला हे मला आजही कोडं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जिन्यावर आकडे मोजण्याऐवजी प्रत्येक मजल्यावर फक्त एकच शब्द म्हटला, "नॉर्मल." आमच्या मजल्यावर दोनदा. आयुष्यात मी गोष्टी खूप रंगवल्या, आणि लोकांनी त्या ऐकून घेतल्या. पण एकदाच खरा आजारी पडलो आणि इमारतीने ती माझी सगळ्यात कच्ची गोष्ट ठरवली. ही सुद्धा विचारून गेली, "अहो, तुम्हाला खरंच उठवत नाहीये ना?"

डॉक्टरीणबाईंनी मात्र रिपोर्ट बघून तो बाजूला सारला. "मूठ किती वेळ आवळली होती? आणि नळी लॅबला कधी पोचली?"

मी वहिनींच्या बहिणीसकट सगळं सांगितलं.

"तरीच. पोटॅशियम असतं पेशींच्या आत. मूठ आवळली, रक्त ताटकळलं, पेशी फुटल्या, की आतलं बाहेर येतं आणि आकडा फुगतो. हा तुमचा आकडा नाही, नळीचा आहे."

मला लॅबमध्येच नेऊन, मूठ सैल सोडायला लावून, तिसऱ्यांदा रक्त घेतलं आणि नळी समोरच यंत्रात गेली. पुन्हा तीनाच्या खाली. मग हृदयाचा आलेख काढला. छातीवर गार गार वाट्या चिकटवल्या आणि कागदावर लाटा उमटल्या. एका लाटेनंतर एक जास्तीची बारकी लाट दिसते, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "ही मूळचीच असेल, मला विषयांतराची सवय आहे." पण बाई हसल्या नाहीत, तेव्हा मी पहिल्यांदा थोडा घाबरलो. त्यांनी पोटॅशियमचं पातळ औषध सुरू केलं. त्याची चव कशी होती हे सांगायचं तर समुद्राने आजारी पडून ओकावं तशी.

"आता ते जातंय कुठे, हे शोधायचं," बाई म्हणाल्या. "टाकीत पाणी कमी असलं तर काय बघता? वरून येत नाही की खालून गळतंय? जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, जेवण ठीक आहे. राहिली मूत्रपिंडं. चोवीस तासांची लघवी जमा करून आणा."

टाकीची उपमा आमच्या इमारतीत पोचायला नको होती. पण मीच हिला सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत गळतीवर सगळ्यांची मतं तयार झाली. वहिनींनी डझनावारी केळी पाठवली: गळतंय तर भरत राहा. सेक्रेटरींनी आधी वॉशर बदलून बघावा अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनी एक हिरवं कच्चं केळं पाठवलं, 'सभेपर्यंत पिकेल' असा निरोप देऊन.

लॅबने पाच लिटरचा एक कॅन दिला. सकाळी उठल्यावरची पहिली सोडून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्यापर्यंत सगळी यात जमा करायची आणि कॅन गार जागी ठेवायचा. गार जागा आमच्या घरात एकच. फ्रिजचं दार उघडून मी उभा राहिलो, तशी ही आडवी आली.

"या घरात एकतर मी राहीन, नाहीतर हे."

शेवटी न्हाणीघरात बादलीत बर्फ घालून त्यात कॅन बसवला. तो दिवस मी एखाद्या सावकारासारखा काढला. बाहेर जायचं नाही, शेजारी बसायचं नाही, जे काही आहे ते घरी आणून जमा करायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे, जमाखर्च पुरा व्हायच्या टोकाला असताना, मी न्हाणीघरात गेलो तर कॅन उलटा करून निथळत ठेवलेला. आतून लखलखीत. पुरेपूर साबण लावून, कोमट पाण्याने विसळून.

"अगं, हे काय केलंस?"

हिने डोळे चोळले. "मेलं, उठल्याबरोबर सवयीने हात गेला हो. घाण भांडं दिसलं की मला राहवत नाही."

बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने एक वाटी विसळायची ठेवली नाही, आणि त्या दिवशीही ठेवली नाही. दुसऱ्यांदा जमवलं तेव्हा मी कॅनला माझं नाव लिहून, शेजारी खुर्ची टाकून रात्र काढली.

औषधाने पायांत थोडा जीव आला होता, म्हणून मी स्वतःच कॅन घेऊन हळूहळू उतरायला निघालो. ही मागून, हात न लावता, सोबतीला. तिसऱ्या मजल्यावर मास्तर गच्चीवरून धावत येताना भेटले. मी पायरीपायरीला थांबतोय हे पाहून त्यांच्यातला शिक्षक जागा झाला.

"द्या इकडे. असं उचलतात." त्यांनी कॅन माझ्या हातातून घेतला, मोदकासारखा तळहातावर तोलला, मग डोक्यावर धरला आणि "एक, दोन" करत सपाट्याने खाली गेले. आम्ही पोचलो तेव्हा ते फाटकाशी उभे राहून दोन्ही हातांनी कॅन खालीवर करत होते. समोर इस्त्रीवाला आणि दूधवाला बघत होते.

"वजन काहीच नाही," मास्तर म्हणाले. "आहे काय यात?"

"माझं आहे," मी म्हटलं. "कालपासूनचं."

मास्तरांनी कॅन ज्या हळुवारपणे खाली ठेवला, तसा त्यांनी आयुष्यात एखादं मूलही ठेवलं नसेल. त्यानंतर चार दिवस ते जिन्यात दिसले नाहीत, पण सकाळी त्यांच्या नळाचा आवाज बराच वेळ यायचा.

रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. मूत्रपिंडांतूनच गळत होतं. बाई कागदावर चित्र काढायला लागल्या. "मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिचा एक रस जास्त झाला की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि पोटॅशियम सोडून देतात. त्यात प्रेशरही वाढतं. तुमचं दोन्ही तसंच आहे. त्या रसाची तपासणी करावी लागेल, मग कदाचित फोटो."

खोटं कशाला बोलू, मी सुखावलो. टोपीवाली ग्रंथी. अख्ख्या इमारतीत कुणाला झालं नसेल असं काहीतरी. वहिनींनाही ठाऊक नसेल असं. मी आनंदाने कांडी डावीकडून उजवीकडे नेली.

बाईंची पेन्सिल थांबली. "काका, तोंडात काय आहे?"

"काही नाही. ज्येष्ठमध."

"कधीपासून?"

"भाषण ठरल्यापासून."

"दिवसाला किती?"

मी हिच्याकडे पाहिलं. हिने सांगितलं, "उठल्यापासून झोपेपर्यंत. झोपताना काढा. वाण्याने पोतं मागवून ठेवलंय."

"मी विचारलं होतं, औषध काय चालू आहे."

"ते कुठे औषध आहे? ते ज्येष्ठमध आहे."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढला आणि बराच वेळ भिंतीकडे बघितलं. खांदे हलत होते. मग चष्मा घालून त्या म्हणाल्या, "ज्येष्ठमध त्या ग्रंथीचं सोंग घेतं. मूत्रपिंडाला वाटतं, हुकूम वरूनच आलाय. चिमूटभर, चार दिवस घशाला घेतलं तर काही नाही. पण तुम्ही जंगल चघळलंत. आजपासून बंद. औषध चालू ठेवा, रक्त तपासत राहू. दोन-तीन आठवड्यांत पाय आणि प्रेशर दोन्ही जागेवर येतील असं वाटतं. नाही आले तर मग ग्रंथीकडे बघू."

आम्ही घरी निघालो. टोपी गेली, ग्रंथी गेली. राहिली एक काडी. शिवाय सभेपर्यंत मी ठणठणीत होणार होतो, म्हणजे पुरावाही गेला. हे सगळं पचवत जिना चढताना तळमजल्यावरून मास्तरांचा आवाज आला. ते भाषणाचा सराव करत होते. कसला आवाज, भिंतीतून प्लास्टर सुटावं. आणि मला आठवलं, त्यांच्या बायकोनेच एकदा हिला सांगितलं होतं की मास्तर ब्लडप्रेशरची, लघवी जास्त करणारी गोळीही घेतात. त्या गोळीने म्हणे आधीच पोटॅशियम जातं.

मी तसाच मागे फिरून त्यांचं दार वाजवलं.

"मास्तर, ज्येष्ठमध थांबवा. त्यानेच माझे पाय गेले."

मास्तरांनी दाराच्या फटीतून पाहिलं. "गेल्या महिन्यात सरकारी नियम होता. आता विष झालं?"

"नियमाचं मी जरा वाढवून सांगितलं होतं. हे खरं आहे."

"माझा आवाज सुटला म्हणून पोटात दुखतंय तुमच्या."

"पाय गळतील हो. डॉक्टरांना विचारा."

"तुम्ही एकदा सांगितलं होतंत की सुटलेली बस तुमच्या आवाजाने परत आली," मास्तर म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

त्यांच्या बायकोलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, "माझं ऐकतात ते झोपेत." डॉक्टरीणबाईंनी फोन केला, तर मास्तरांनी त्यांना विचारलं की तुमचं आणि चौथ्या मजल्याचं काय ठरलंय.

सभेचा दिवस उजाडला. माझे पाय परत आले होते, तेही अगदी वाईट वेळी. गच्चीवर जाताना मी मुद्दाम कण्हून बघितलं, पण वहिनी म्हणाल्या, "चेहरा कसा तुकतुकीत दिसतोय, केळी लागू पडली." खालच्या दोन मजल्यांनी एकमेकांना कोपरं मारली. मुलगी आली होती, जावई आला होता. जावई कठड्याशी उभा राहून मुलीला बागेकडची कुठली खोली आम्हाला द्यायची ते समजावत होता.

लिफ्टचा ठराव आला. विरोधक कोण? मास्तर. मास्तर कुठे? सगळे बघायला लागले. इतक्यात जिन्यातून आवाज आला.

"सदस्यहो."

तो आवाज काय वर्णावा. चार मजल्यांच्या जिन्याचा त्याला कर्णा मिळाला होता. मीसुद्धा नकळत ताठ बसलो. "सदस्यहो, मी तिसऱ्या मजल्यावरून बोलतोय."

"वर या ना," सेक्रेटरी कठड्यातून वाकून म्हणाले.

"इथूनच बरं आहे. मुद्दा असा, की जिना हा आपल्या प्रकृतीचा आधार आहे."

"मास्तर, सभा गच्चीवर आहे. वर या."

"मी विचार करायला बसलोय," आवाज आला. "जिना चढणारा माणूस कधी कुणावर ओझं होत नाही. लिफ्ट आली की पाय जातात. पाय..." इथे तो थांबला. पुन्हा सुरू झाला तेव्हा तितकाच मोठा होता, पण त्यात भाषण नव्हतं. "जरा कुणीतरी खाली या हो."

मी सगळ्यांच्या आधी उतरलो. सेक्रेटरींच्या दारात, त्याच पायपुसण्यावर, मास्तर बसले होते. पाय समोर पसरलेले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत होते. त्या माणसाला मी इतक्या वर्षांत बसलेला पाहिला नव्हता.

"दुखत नाहीत," ते हळू म्हणाले. "नुसते ऐकत नाहीत."

"तोंडातलं काढा."

त्यांनी गालातली कांडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. शाळेत पोरांच्या तोंडातलं त्यांनी जन्मभर असंच काढून घेतलं असेल.

"ती बस," मास्तर म्हणाले, "खरंच परत आली होती?"

"नाक्यापर्यंत नव्हती गेली," मी म्हटलं. "फलाटाच्या टोकापर्यंत."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हृदयाचा प्रश्न आहे, चालवू नका, ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्या. गच्चीवरची एक खुर्ची आणली. उचलायला तगडे लोक हवे होते, आणि तगडे सगळे पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे, मास्तरांच्याच बाजूचे. चौघांनी खुर्ची धरली. मास्तरांनी प्रकृतीला जिन्याचा जो आधार सांगितला होता, तो चौघांना त्या दिवशी पुरेपूर मिळाला. वळणावर खुर्ची अडकली, पाय भिंतीला लागले, एकाची चप्पल सुटून माझ्या टोमॅटोंच्या वाटेने गेली. मास्तर खुर्चीतून "डावा, उजवा" सांगत होते, आणि आवाज अजूनही खणखणीत असल्यामुळे कुणाला ऐकू आलं नाही असं म्हणता येत नव्हतं. तळमजल्यावर त्यांना गाडीत घातलं. चौघं भिंतीला टेकले. एकालाही बोलता येत नव्हतं. सेक्रेटरींनी वरून विचारलं, "ठरावाचं काय?" चौघांनी एकदम हात वर केले.

ठराव पास झाला. मी दोन महिने तयार केलेल्या भाषणातलं 'सदस्यहो'सुद्धा बोलायची वेळ आली नाही. तो शब्दही मास्तरांनीच म्हटला होता.

मास्तर आठवड्याने घरी आले. त्यांचं पोटॅशियम माझ्याहूनही खाली निघालं. ते बरे झाले हे ऐकून मला आनंद झाला. विक्रम गेला याचं थोडं वाईट वाटलं. मी केळी घेऊन भेटायला गेलो. आवाज पुन्हा फाटला होता.

लिफ्ट बसली. सायकली बाहेर आल्या, टेबलाचा उरलेला भाग भंगारात गेला. मुलगी पहिल्यांदा लिफ्टने वर आली, गॅलरीतल्या माझ्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "ठीक आहे, राहा." त्याच संध्याकाळी मी जावयाला पोचवायला खाली निघालो, आणि तिसऱ्या-दुसऱ्याच्या मधे वीज गेली. लिफ्ट थांबली. आत अंधार, मी आणि जावई. बाहेर धावपळ. सेक्रेटरी ओरडून सांगत होते की मेकॅनिकला यायला तास तरी लागेल.

जावयाने घसा साफ केला. पण माईकवर आयुष्य काढलेल्या माणसाला श्वास कधी घ्यायचा ते कळतं. तो श्वास घेत असतानाच मी सुरू केलं.

"माणसाच्या अंगात पोटॅशियम असतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं."

कॅनपर्यंत आलो असेन. मास्तर दोन्ही हातांनी कॅन डोक्यावर धरून धावले, असं मी सांगत होतो, तेवढ्यात लिफ्टच्या जाळीपाशी, जिन्यावरून, एक फाटका आवाज आला.

"एका हाताने. आणि पुढे सांगा. मीही ऐकतोय."